पोरांसाठी दिलेली शहाळी

आमच्या वाडीत जे जे पिकतं ते ते मला चालत नाही. केळं नाही, चिकू नाही, नारळपाण्याचं तर नावच काढायचं नाही. पालघरजवळच्या माहीमला आमची दीड एकर वाडी आहे. मध्ये पानवेली, कडेनं माड, आणि उरलेल्या जागेत केळी. बत्तीस वर्षं मी तिथे राबले. आता त्याच वाडीत खुर्ची टाकून बसते आणि नजर जाईल तिथे मला बंद असलेलं काहीतरी लटकत असतं.

दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली त्याला तीन वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. पालघरला जागा मिळाली नाही, बोईसरला मिळाली. मशीनच्या सुयांसाठी डाव्या हाताची नस जोडून घेतलेली आहे, ती दिवसरात्र गुरगुरत असते आणि त्या हातानं ओझं उचलायचं नाही. पाणी दिवसाला एक तांब्या, तोही काठोकाठ नाही, त्यात गोळ्यांचंही पाणी आलं.

पण दुखण्याचं रडगाणं मला गायचं नाही. मला खात होतं ते वेगळंच. आमच्या घरची पद्धत अशी की दारातून कोणी रिकाम्या हातानं जात नाही. मीटर बघायला येणाऱ्या माणसाच्या पिशवीतसुद्धा मी दोन केळी कोंबायची. कृष्णकांत, म्हणजे माझा नवरा, म्हणायचे की बाजारात पाठवायलाही काही ठेव बाई. आणि आमच्या किनाऱ्यावरची दुसरी पद्धत अशी की आजारी माणसाला बघायला जाताना शहाळं न्यायचं. त्यामुळे मी पडले तशी माझ्या घरात शहाळ्यांची रीघ लागली. ज्यांना मी आयुष्यभर नारळ दिले ते मला शहाळी आणून द्यायला लागले. डॉक्टरांनी बंद केलंय म्हटलं तर म्हणत, "एकानं काय होतंय? वाडीतलाच तर हाय." मी हसून ठेवून घ्यायची आणि ते वळले की पायानं पलंगाखाली ढकलायची.

मी नुसती घेणारी झाले होते. नवऱ्याचा वेळ घ्यायची, प्रीतमच्या रजा घ्यायची. प्रीतम माझा मुलगा, तारापूरला कारखान्यात पाळीवर जातो. सून भाविका माझ्यासाठी वेगळी भाजी करायची. भाज्यांमधलं पोटॅशियम, जे शहाळ्यातही असतं आणि आमच्या रक्तात चढलं की हृदय थांबवतं, ते काढायचं म्हणून ती चिरून उकळून पाणी फेकून द्यायची, आणि उरायचा तो चोथा. मी दोन घास गिळून ताट सरकवायची. तिचा चेहरा पडायचा, मग मला त्याचाही राग यायचा. स्वतःचाच आवाज मला नकोसा झाला होता.

म्हणून मी ठरवलं होतं, दिवाळी झाली की बंद. मशीनवर जायचं बंद. कोणाला सांगितलं नव्हतं. घरातल्यांनी एकदा दिवाळी नीट करावी एवढीच माझी इच्छा होती, मग त्यांचीही सुटका आणि माझीही.

हे भाद्रपदातलं. त्याच सुमारास माझ्या शेजारच्या खुर्चीवर झिपरू आला. चाळिशीचा असेल, पण पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. मासवणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्याचा पाडा. बायको सोमी बरोबर यायची. दोघं पहाटे पाड्यावरून चालत रस्त्याला यायची, मग एसटीनं पालघर, तिथून दुसरी गाडी पकडून बोईसर. गाडी चुकली की उशीर, आणि उशीर झाला की मशीनचे तास कापले जायचे, कारण पुढचा पेशंट ताटकळत असायचा. मशीन लावणारा ब्रदर दिपेश चांगला मुलगा आहे, पण मशीनं मोजकी, तो तरी काय करणार?

सोमी बोलायची कमी. दाराशी भिंतीला टेकून खाली बसायची. मी तिला बाकावर बस म्हटलं तर म्हणाली, "हितंच बरा हाय." तिच्या बोलण्यात तुम्ही-आम्ही नव्हतंच, मला पहिल्या दिवसापासून अगं-तूगं. मला ते आवडलं. बाकी सगळे माझ्याशी असे बोलत जणू मी काचेची आहे.

गणपतीत माझ्याकडे पाहुण्यांची रांग लागली. पलंगाखाली सात शहाळी जमली. त्या शनिवारी मी कृष्णकांतना म्हटलं, ही सगळी रिक्षात घाला. बोईसरला पोचल्यावर ती पिशवी मी सोमीसमोर ठेवली आणि म्हटलं, "पोरांना दे." तिला तीन मुलं होती, मी आधीच विचारून घेतलं होतं. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले. माड नाहीत त्यांच्या डोंगरात. खरं सांगते, वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी येताना मी कृष्णकांतशी पानांच्या भावावरून भांडलेसुद्धा, आणि ते खूश झाले, कारण मी भांडायचंही सोडून दिलं होतं.

मंगळवारी झिपरूला दोघांनी धरून आणलं. पाय टाकता येत नव्हता, ओठ निळसर, बोलताना जीभ अडखळत होती. दिपेशनं छातीला तारा लावल्या, कागद बघितला आणि धावत डॉक्टरांना बोलवायला गेला. मला सुया टोचून झाल्या होत्या, मी खुर्चीत खिळलेली. पोटॅशियम चढलंय हे शब्द ऐकू आले. दिपेश सोमीला विचारत होता, काय खाल्लं यानं, काय प्यायला.

सोमीनं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग ती दिपेशला म्हणाली, "रानातला काय तरी खाल्ला असंल. मना नाय ठावं."

ती मला वाचवत होती. नवरा समोर मरतोय आणि ही मला वाचवते आहे. मी ओरडून म्हटलं की मी दिली शहाळी, मी, सात दिली. दिपेशनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरायची नाही. तीन वर्षं मशीनवर असलेली बाई, हिला कळू नये?

मला कळत होतं. पण मी पोरांसाठी दिली होती. मला वाटलं होतं, काय बंद आहे ते त्यांना सांगितलं असेलच. सांगितलंही होतं, छापील कागद हातात देऊन. सोमीला वाचता येत नाही आणि झिपरूची शाळा दुसरीत सुटलेली. तो कागद तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून घडी घालून ठेवला होता.

झिपरू त्या दिवशी वाचला. जास्त वेळ मशीन चालवून त्याला परत आणलं. संध्याकाळी मी निघताना सोमीजवळ गेले. माफी कशी मागतात ते मला येत नाही, मी कधी कोणाची मागितली नाही. मी एवढंच म्हटलं, पोरांना दिली होती गं. ती म्हणाली, "पोरांनीच बापाला पाजली. आमाला नको बोलली, बाप आजारी हाय, तेला दे."

आमच्या किनाऱ्यावरची पद्धत त्या डोंगरातल्या पोरांना कोणी शिकवली होती? मी रिक्षात बसले आणि माहीमपर्यंत रडले. रिक्षावाला कैलास आमच्याच गावचा, त्यानं आरसा दुसरीकडे फिरवला.

गुरुवारी मला वाटलं सोमी तोंड फिरवेल. ती येऊन माझ्या खुर्चीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, काय काय बंद हाय ते सांग, तोंडी सांग, मी ध्यानात ठेवते. मी सांगत गेले, ती बोटांवर धरत गेली. केळी, शहाळं, चिकू, टोमॅटो, बटाटा, डाळ कमी. मग भाजी कशी करायची ते सांगितलं. चिरायची, भिजवायची, उकळायची, पाणी फेकायचं. आणि पुढे जोडलं की चव म्हणून काही राहत नाही, मी खातच नाही.

इथे ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, हे तर आमचं कडूकंदाचं काम. रानात कडूकंद मिळतो, तो तसाच खाल्ला तर घसा सुजतो, माणूस ओकून ओकून आडवा होतो. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की तोच कंद तिच्या आईनं त्यांना घातला. त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करायच्या, टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, सकाळी उकडायच्या, पुन्हा पाणी बदलायचं. विष पाण्याबरोबर जातं, कंद राहतो. "तुझी सून जाड चिरत असंल," ती म्हणाली. "जाड चिरला का आतला नाय निघत. मंग ती उकलत बसते, मंग चोथा होतो."

पुढच्या शनिवारी तिनं डबा आणला. पडवळाच्या इतक्या पातळ चकत्या की आरपार दिसावं. रात्रभर तीन पाण्यांतून काढलेल्या, एकच कढ दिलेल्या आणि मग कोरड्या तव्यावर लसूण-मिरचीत परतलेल्या. मीठ नावाला. मी एक घास घेतला आणि थांबले. मिरची लागली. लसूण लागला. तोंडात पडवळ आहे हे कळलं. मी तो डबा बोटानं पुसून खाल्ला. भाविकाला फोन करून सांगितलं तर ती पलीकडे रडायला लागली, म्हणजे आमच्या घरात कोण कशानं रडेल त्याचा नेम राहिला नव्हता.

दिपेशनं आधी शंका काढली. माझं रक्त तपासलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, आणि म्हणाला, काकू, चालू द्या.

मग ते सुरूच झालं. सोमी झिपरूसाठी भाजी करायचीच, त्यात माझ्यासाठी दोन मुठी जास्त घालायची. मी तिला काय देणार? वाडीतलं देण्याची मला धास्ती बसली होती. शेवटी कैलासला सांगितलं की माहीमहून निघालं की पालघरच्या एसटी स्टँडवर थांबायचं आणि त्या दोघांना घ्यायचं. रिक्षा माझ्यासाठी जातेच आहे, मागे जागा आहेच. एवढंच. झिपरूचे तास कापले जायचे थांबले. त्याच्या पायाची सूज उतरली. तो रिक्षात बसून पालघर ते बोईसर झोप काढायचा आणि सोमी मला पाड्यावरच्या बातम्या सांगायची, कोणाची म्हैस व्याली, कोण कामाला भिवंडीकडे गेलं.

मी बरी झाले का? नाही. मूत्रपिंडं काही परत येत नाहीत. सुया त्याच, थकवा तोच, रात्रीचं पायांत गोळे येणंही तेच. पण पहाटे उठायला कारण होतं. मी आळस केला तर स्टँडवर दोन माणसं उभी राहतील. कार्तिकात एक दिवस कृष्णकांत कंदील उतरवून ठेवताना दिसले आणि मला आठवलं की दिवाळी होऊन गेली. मी जायचं बंद करणार होते. तारीख माझ्या हातातून निसटून गेली होती आणि मला पत्ताही लागला नव्हता.

माघात एका रविवारी झिपरू गेला. सकाळी उठून अंगणात उन्हाला बसला, सोमीनं चहा आणेपर्यंत मान कलंडली. मशीनवरची माणसं अशीच जातात, दिपेशनं मला समजावलं, हृदयावर ताण असतो. मी विचारलं, त्या शहाळ्यांनी हृदय कमजोर झालं असेल का. तो म्हणाला, काकू, त्याला पाच महिने झाले. स्पष्ट 'नाही' मात्र दिपेश म्हणाला नाही.

बुधवारी कैलास मला पाड्यावर घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या दारात रिकाम्या हातानं गेले. काय नेणार होते? कुडाच्या भिंतीशी तीन पोरं ओळीनं बसली होती. धाकटी माझ्याकडे बघत होती, तिनं बापाला पाजलेलं शहाळं माझ्या पलंगाखालचं होतं, नको म्हणून ढकललेलं. सोमीनं मला चटई टाकली.

दोन आठवडे मी एकटी बोईसरला गेले. कैलास सवयीनं स्टँडपाशी वेग कमी करायचा आणि मग पुढे काढायचा. शेजारच्या खुर्चीवर तिसऱ्याच दिवशी नवा माणूस आला, रामकिसन नावाचा, कारखान्यातला कामगार, हिंदी बोलणारा. मशीन रिकामं राहत नाही. भाविका आता पातळ चिरायची, तीन पाणी बदलायची, सगळं बरोबर करायची, आणि मला घास उतरायचा नाही. माझं देणं असं होतं. मी एका माणसाला शहाळं दिलं आणि तो पाच महिन्यांत गेला. असली बाई जगून कोणाचं भलं करणार?

तिसऱ्या गुरुवारी मी उठले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. शनिवारी काहीच म्हटलं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. प्रीतमनं रजा टाकली, आई चल म्हणून हात जोडले, मग ओरडला, मग बाहेर जाऊन बसला. कृष्णकांतनी माझ्या उशाशी बसून माझ्या डाव्या हातावर आपला हात ठेवला, जिथे ती नस गुरगुरते तिथे, आणि रात्रभर काढला नाही. सोमवारी पाय सुजले. मंगळवारी सकाळी सपाट निजलं की श्वास पुरेना. मला माहीत होतं काय चाललंय. भीती वाटत होती, पण उठायची इच्छा होत नव्हती.

नऊच्या सुमाराला कैलासचा फोन आला. तो दुसरं भाडं घेऊन पालघरला गेला होता. कृष्णकांतनी फोन माझ्या कानाला लावला. कैलास म्हणाला, "वहिनी, ती बाय स्टँडवर उभी हाय. डबा घेऊन. शनवारीपण उभी होती, दुपारपर्यंत, रिक्षावाले सांगतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणी सांगितलं होतं हिला? नवरा गेला, पोरं घरात, पहाटे चालत रस्त्यावर यायचं, तिकीट काढायचं, कोणासाठी? मी कृष्णकांतना म्हटलं, मला उठवा, त्या बाईला चार शब्द सुनावायचेत. प्रीतम आणि त्यांनी मला अक्षरशः उचलून शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं. मला धाप लागली होती आणि मी वाटभर सोमीला शिव्या घालत होते.

ती पाणपोईजवळ उभी होती. मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, इतकी मी सुजले होते. ती गाडीत माझ्याशेजारी चढली. मी सुनावायचं म्हणून तोंड उघडलं तर दम लागून शब्द फुटेना. तीच बोलली.

"रोज राती भाजी चिरते," ती म्हणाली. "हात आपोआप पातल चिरतो. पानी बदलते. सकालला ध्यानात येतं का तो नाय. पोरां असली फिकी भाजी खात नाय. मंग म्हटला तुला आनावी."

मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण आता वेळ थोडा होता. मी म्हटलं, "सोमी, माझ्या शहाळ्यांनी गेला का गं तो?"

उमरोळीचं रेल्वेफाटक मागे पडलं.

"मना नाय ठावं," ती म्हणाली. "पन मशीनवर आल्यापासून तो पानी मोजून प्यायचा. जीभ फुटायची. त्या दिशी पोरांनी पाजला तवा एकदाच पोटभर प्याला. मरेपर्यंत त्येचीच चव सांगायचा. बोलायचा, बरा व्हऊन एकदा त्या बायच्या वाडीत जाऊ."

मी तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. एवढं पाणी अंगात साठलेलं असताना रडताना ते डोळ्यांतून यायला हवं होतं, पण श्वासच पुरेना, नुसती हुंदके देत राहिले.

दिपेशनं मला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि सुया लावल्या. मशीन सुरू झालं. तासाभरानं श्वास जरा मोकळा झाला तेव्हा मी मान वळवली. सोमी दाराशी, तिच्या जागी बसली होती. तिच्याशेजारी रामकिसनची बायको, नवीनच आलेली, बावरलेली, मांडीवर पिशवी. पिशवीच्या तोंडातून हिरवं शहाळं दिसत होतं. कोणीतरी भल्या माणसानं दिलं असणार.

सोमीलाही ते दिसलं. तिला हिंदी येत नाही आणि त्या बाईला मराठी. सोमीनं पिशवीत हात घालून शहाळं बाहेर काढलं आणि स्वतःच्या मांडीवर ठेवलं. मग त्या बाईचा हात धरला, आणि तिच्या बोटांवर एकेक बंद वस्तू मोजून सांगायला लागली. पहिलं बोट केळ्याचं होतं. मी ओळखलं, कारण मी तिला त्याच क्रमानं सांगितलं होतं.

"सोमी, थांब," मी खुर्चीतून म्हटलं. "तिला इकडे बोलव. मी हिंदीत सांगते."